नाक्यावरची मावशी आणि दोन खाचा

गाडी कुणाचीही असो, मावशी आधी पदर खोचायची, रस्त्याकडेला सरळ आडवी व्हायची आणि गाडीच्या पोटाखाली बोट फिरवायची. "जागा सापडल्याबिगर जॅक लावायचा न्हाई," हे तिचं ठरलेलं वाक्य. कनेरगाव नाक्यावर तिचं पंक्चरचं दुकान होतं. नवरा गेल्यावर तिच्या तांड्यावरच्या लोकांनी दुकान विकून टाक म्हणून सांगितलं. तिनं ऐकलं नाही.

त्या रस्त्यानं जाणाऱ्या तुम्हा मंडळींनी तिला पाहिलंच असेल. मी शिक्षक, म्हणजे मला सगळं येतं असा माझा समज. तो एका सकाळी गळून पडला.

मुलीची नर्सच्या भरतीची परीक्षा होती वाशीमला, नऊला गेट बंद. नाक्याच्या अलीकडेच आमच्या गाडीचं टायर बसलं. मी घाईघाईनं दाराखालच्या पत्र्याच्या मधोमध जॅक लावला. पत्रा कुरकुरला, त्याला पोचा आला आणि जॅक काळ्या मातीत तिरका रुतायला लागला. मुलगी पळत जाऊन मावशीला घेऊन आली.

मावशीनं मला बाजूला केलं. जॅक उतरवला आणि गाडी चार हात पुढं, सपाट मुरमावर घ्यायला लावली. टायर फाटेल, असं मी पुटपुटलो.

"टायर दुसरं भेटंल गुरुजी, हात न्हाई भेटायचा."

मग हँडब्रेक, पहिला गिअर, बसलेल्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला मागं-पुढं दगड. चाक जमिनीवर असतानाच नट ढिले केले. चाकाजवळ पत्र्याच्या खालच्या कडेवरचा चिखल पुसून तिनं दोन खाचा मुलीला दाखवल्या. वजन पेलायला केलेली जागा त्या दोन खाचांमधली तेवढीच, बाकी नुसता पत्रा. जॅकखाली बाभळीची फळी आली. जॅक सटकलाच तर गाडी स्टेपनीवर बसावी म्हणून ती गाडीखाली सरकवली.

मुलीचे डोळे भरले होते. मावशीनं जॅकचा दांडा तिच्याच हातात दिला.

"काहून रडून राहिली? फिरव. हळू, पण थांबू नको."

माझ्या पोरीनं गाडी उचलली. मी नुसता घड्याळ बघत उभा.

मावशीनं स्टेपनी बसवून दिली. आम्ही पोचलो तेव्हा शिपाई गेट ओढत होता. ठसा घेणाऱ्या यंत्रानं तिचा ग्रीसनं काळा झालेला अंगठा दोनदा नाकारला. तिनं तो माझ्या पांढऱ्या सदऱ्याला खसाखसा पुसला, तिसऱ्यांदा ठसा लागला आणि ती आत पळाली. मी इतका मोठ्यानं हसलो की बाकीचे पालक बघत राहिले. त्या डागाइतका अभिमान मला आदर्श शिक्षक म्हणून मिळालेल्या शालीचाही वाटला नव्हता.

पोरगी पास झाली आणि हिंगोलीच्या दवाखान्यात लागली.

मावशी आता नाही. शेवटच्या आजारात ती मुलीच्याच वॉर्डात होती. सलाईन लावायला मुलगी आली, की मावशी शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगायची, "या नर्सबाईला परीक्षेला मी पोचवलं."

नऊ दिवसांत शेजारच्या खाटेवर तीन बायका येऊन गेल्या. तिघींनाही तिनं ते सांगितलं.