पेपरात नसलेली बातमी

रोहण्याच्या जिल्हा परिषद शाळेत मी सातवीत होते. परिपाठात बातम्या सांगायची पाळी माझी होती. गावात पेपर दुपारच्या एसटीने यायचा, त्यामुळे सकाळी सगळे शिळ्याच बातम्या वाचत. मला वाटलं, आपण ताजी सांगावी.

माईक धरून मी म्हटलं, "आपल्या शाळेत मुलींच्या संडासात दिवाळीपासून पाणी नाही. म्हणून बऱ्याच मुली मधल्या सुट्टीत घरी जातात आणि परत येत नाहीत."

मुलगे खो खो हसले. मुलींनी माना खाली घातल्या. नेमके त्याच दिवशी तालुक्याहून साहेब तपासणीला आले होते. मुख्याध्यापकांनी माझ्या हातून माईक काढून घेतला आणि बोधकथा सांगणाऱ्याला पुढे केलं.

साहेब गेल्यावर मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं.

"कोणं सांगतलं तुले असं बोलाले?"

"कोणीच नाई सर. माहीच बातमी आहे."

"बातमी पेपरातली असते."

ते वाईट नव्हते. आम्हाला गणित तेच शिकवत, तेही जीव तोडून. पण त्या दिवशी त्यांनी बाबांना शेतातून बोलावून घेतलं. चिखलाच्या पायांनी बाबा दारातच उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "चुकलं पोरीचं."

घरी येताना मी विचारलं, "बाबा, काय चुकलं माहं? खोटं थोडीच बोलली मी?"

"खरं होतं म्हणूनच तर मले बोलावलं न," ते म्हणाले. "चूप राह्यत जाय."

काही दिवसांनी संडासात नळ आला. मुली दुपारी थांबू लागल्या. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. बातम्या मात्र आता आधी वर्गाच्या बाईंना दाखवाव्या लागत. मी नीट, स्पष्ट वाचायचे. सगळे वाखाणायचे.

पुढच्या वर्षी वर्ध्याला भाषण स्पर्धा होती, विषय संविधानाचा. मुख्याध्यापकांनी भाषण स्वतः लिहून दिलं, कुठे थांबायचं, कुठे हात वर करायचा तेही शिकवलं. मी एक शब्द न चुकता बोलले. टाळ्या पडल्या. मग परीक्षक बाईंनी मायेने विचारलं, "छान बोललीस. आता सांग, तुझ्या शाळेत तुला काय बदलावंसं वाटतं?"

मी सरांकडे पाहिलं. ते मागच्या रांगेत उभे होते. मानेने, हाताने खुणावत होते, बोल, बोल. मी बोलावं असं त्यांना खरंच वाटत होतं. सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. शेवटी मी म्हटलं, "आमच्या शाळेत सगळं चांगलं आहे."

परतीच्या एसटीत आर्वी जवळ आली तेव्हा सर म्हणाले, "काऊन नाई बोलली वं? तुले तं बोलता येत होतं."