पाच महिन्यांचं कॉलेज

चेलोबाईंना खोटं असं कधी बोलावंच लागलं नाही. लोक जे धरून चालले होते ते त्यांनी खोडलं नाही, एवढंच.

तेविसाव्या वर्षी त्या परदेशी गेल्या होत्या, हे खरं होतं. तिथल्या नदीकाठच्या नामांकित संगीत कॉलेजात त्यांना पदव्युत्तर अभ्यासासाठी प्रवेश मिळाला होता, हेही खरं होतं. दोन वर्षांनी त्या परतल्या आणि पोस्टाच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या संगीतशाळेत चेलो, ते गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं मोठं व्हायोलिन, शिकवायला लागल्या. त्या दोन वर्षांतले कॉलेजात फक्त पाच महिने गेले, हे मात्र त्यांच्या ताईशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

झालं होतं ते असं. पहिल्याच तासाला तिथल्या प्राध्यापकांनी त्यांच्या हातातला गज काढून घेतला, तो परत देताना बोटं पुन्हा नीट बसवली आणि म्हणाले, "सध्या फक्त मोकळ्या तारा." डाव्या हाताचं बोट न लावता चार तारा आणि एक गज, रोज चार तास. भिंतीपलीकडे बरोबरची मुलं मोठमोठ्या रचना वाजवायची आणि अलीकडे बाई एकच सूर ओढत बसायच्या. कुणी रागावलं नाही, कुणी हसलं नाही. प्राध्यापक वाईट नव्हते, हीच त्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट होती. पाचव्या महिन्यात परीक्षकांसमोर वाजवायचा दिवस आला. त्या दिवशी सकाळी बाई कॉलेजच्या फाटकापर्यंत गेल्या आणि न थांबता तशाच पुढे स्टेशनवर गेल्या. उरलेलं दीड वर्ष त्यांनी दुसऱ्या एका गावात हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करण्यात काढलं. एवढ्या लवकर घरी कुठल्या तोंडाने जायचं, हा प्रश्न होता.

परत आल्यावर प्रमाणपत्र कुणी मागितलं नाही. मुख्याध्यापक बदलले की नवे मुख्याध्यापक पालकांना सांगायचे, "या आमच्या चेलोबाई. तिथे शिकून आल्यात." बाई मान खाली घालायच्या. लोकांना तो विनय वाटायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी ती मूठ सव्वीस वर्षं झाकलेली राहिली.

त्यातल्या तेराव्या वर्षी टाचणी आली. नऊ वर्षांची, काडीसारखी पोर, चेलोच्या मागे उभी राहिली तर दिसेनाशी व्हायची. हे नाव बाईंनीच ठेवलं. तिची आई घरी कपडे बेतून-शिवून द्यायची, त्यामुळे त्या घरात ते शोभलंही. बाविसाव्या वर्षापर्यंत ती बाईंकडेच शिकली. ती आपल्यापुढे गेली हे बाईंना ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून त्यांनी तास लवकर सोडला. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच तिला परदेशी अर्ज करायला लावले, हेही सांगायला हवं. बाई दुष्ट नव्हत्या.

दोन ठिकाणांहून होकार आला, दोन्हीकडे शिष्यवृत्तीसह. एक नदीकाठचं कॉलेज. दुसरं उत्तरेकडच्या एका बंदराच्या शहरातलं, लहानसं. टाचणीने दोन्ही पत्रं छापून आणली आणि स्वरलिपीच्या स्टँडवर शेजारी शेजारी ठेवली.

"बाई, कुठे जाऊ?"

"तुला काय वाटतं?"

"मला तुमचंच कॉलेज हवंय." ती गजाचा स्क्रू सैल करत म्हणाली. "बंदराच्या सरांनी व्हिडिओ कॉलवर माझं सगळं ऐकून घेतलं आणि प्रत्येक वेळी छान म्हणाले. नदीच्या मॅडमनी एकच ओळ अकरा वेळा वाजवून घेतली. आधी रडू आलं. पण अकराव्या वेळेला वाटलं, ही ओळ मी आजवर ऐकलीच नव्हती."

बाई काही बोलणार एवढ्यात ती हसून म्हणाली, "आणि तिथे पदवी घेतलेल्या सगळ्यांची नावं वर्षवार भिंतीवर लावलीत म्हणे. पहिल्याच दिवशी तुमचं नाव शोधून फोटो पाठवते."

बाईंनी नदीकाठचं पत्र दुसऱ्याच्या खाली सरकवलं. आवाज मात्र जागचा हलला नाही.

"बंदराचं घे," त्या म्हणाल्या.

"का?"

एकदा तोंड उघडल्यावर कारणं आपोआप यायला लागली. मोठ्या झाडाखाली रोप खुरटतं. लहान ठिकाणी शिक्षकांना वेळ असतो. मोठ्या शहरात जीव रमत नाही. आणि शेवटी, "तिथे माणसं मोडतात गं. मी पाहिलंय." हे शेवटचं वाक्य खरं होतं, म्हणून तेच लागू पडलं.

टाचणीने दोन्ही कागदांच्या घड्या घातल्या. "तुम्ही म्हणता म्हणजे विचार करूनच म्हणत असाल," ती म्हणाली.

संध्याकाळी ताई पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. बाईंनी सहज बोलल्यासारखं करून सगळं सांगितलं. ताई वयाने आठ वर्षांनी मोठी. तिने परदेशातून आलेल्या धाकटीचं सगळं त्या वेळी ऐकून घेतलं होतं, तिला एक प्रश्नही विचारला नव्हता, की पुढे कधी विषयही काढला नव्हता.

"तिने स्वतःसाठी विचारलं," ताई म्हणाली, "आणि तू स्वतःसाठी उत्तर दिलंस."

"तसं नाही ताई."

"मग कसं, ते सांग की."

बाई उशीच्या अभ्र्याची टोकं जुळवत राहिल्या. ती काही केल्या जुळेनात.

दोन दिवस त्यांनी वर्ग घेतले, जेवल्या, झोपल्याही. मनाला त्या समजावत होत्या की बंदराचं कॉलेजही कॉलेजच आहे, मुलगी कुठेही चमकेल. तिसऱ्या दिवशी टाचणीची आई शाळेत आली. बरोबर तिने चेलोसाठी जाड, मऊ अस्तराचं आवरण शिवून आणलं होतं. लेकीसाठी शिवलं होतं, पण मापं बरोबर आहेत का ते बाईंच्या चेलोला घालून बघायचं होतं. ती गुडघ्यांवर बसली आणि तोंडात टाचण्या धरून कड दुमडायला लागली.

"दोन दिवस रडली हो," टाचण्या बाजूला ठेवून ती म्हणाली. "पण मी म्हटलं, बाई स्वतः तिथे राहून आल्यात. आपल्याला त्या जगातलं काय कळतं? जाणत्या माणसाचं ऐकावं. तुम्ही होतात म्हणून पोरगी वाचली. तुमचे उपकार कसे फेडू?"

जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं. "अहो, त्यात कसले उपकार," त्या म्हणाल्या. तेही जमलं त्यांना. ती निघून गेल्यावर बाईंनी चेलो कोपऱ्यात नेऊन ठेवला. आपल्याला हे जमतं, याचीच त्यांना आता शिसारी आली.

टाचणी दुपारपर्यंत एका चष्म्याच्या दुकानात काम करायची. दुसऱ्या दिवशी बाई तिथे गेल्या. एक गृहस्थ एकामागून एक फ्रेमी घालून पाहत होते आणि टाचणी त्यांना न कंटाळता आरसा धरून दाखवत होती. ते जाईपर्यंत बाई थांबल्या. दुकानात चारी भिंतींना आरसे होते. नजर कुठेही वळवली तरी समोर आपलंच तोंड.

"बाई, तुम्ही? नंबर वाढला का?"

"मी तिथे शिकले नाही," बाई म्हणाल्या.

"कुठे?"

"नदीकाठी. पाच महिने होते. मग परीक्षेच्या दिवशी पळाले. त्या भिंतीवर माझं नाव नाहीये."

टाचणीच्या हातात एक चष्मा आणि मऊ फडकं होतं. ती काच पुसत राहिली. आधीच स्वच्छ होती ती.

"म्हणून बंदराचं घे म्हणालात?"

"हो."

"तिथे माणसं मोडतात म्हणालात."

"मी मोडले. तू मोडली नसतीस. हे मला बोलतानाही माहीत होतं."

टाचणीने चष्मा जागेवर ठेवला, दांड्या सरळ केल्या. मग बाईंकडे न बघता म्हणाली, "मी काल त्यांना नकार कळवला, बाई."

काउंटरशी उभं राहूनच तिने फोनवर पुन्हा पत्र लिहिलं, की निर्णय बदलला आहे, जागा असेल तर द्यावी. बाईंनीही घरी जाऊन कॉलेजला पत्र लिहिलं. अठ्ठावीस वर्षांतलं पहिलं. त्यात स्वतःचं सगळं सांगितलं आणि चूक आपली आहे, मुलीची नाही, असं लिहिलं. चार दिवसांनी टाचणीला उत्तर आलं. तिची जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला दिली गेली होती, पुढच्या वर्षी तिने जरूर अर्ज करावा. बाईंना कार्यालयातून वेगळ्या दोन ओळी आल्या. इतक्या जुन्या नोंदी संगणकावर नाहीत, दाखल्याची प्रत हवी असल्यास सोबतचा अर्ज भरावा.

"एक वर्ष थांब," बाई टाचणीला म्हणाल्या. "मी रोज तुझी तयारी..."

"नको बाई. आता तुम्ही काही सुचवू नका." ती रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर ऐकायला सोपं गेलं असतं.

ती बंदराच्या शहराला गेली. ती जाण्याआधी बाईंनी तिच्या आईलाही सगळं सांगितलं. आईने मशीनवरचा पाय उचलला, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मी तुमचे उपकार मानले होते." मग पुन्हा मशीन सुरू झालं.

शेवटी मुख्याध्यापक उरले. बाई राजीनामा लिहूनच त्यांच्याकडे गेल्या. त्यांनी रजेच्या अर्जांवर सह्या करता करता ऐकलं, कागद परत केला आणि म्हणाले, "बाई, इथे मुलांना गज धरायला शिकवायचं असतं. ते तुम्ही चांगलं शिकवता. आता मला सांगा, नव्या मुलांचा वर्ग कुठल्या वाराला ठेवू?" काढून टाकलं असतं तर बाईंना हलकं वाटलं असतं. ज्या पदवीच्या नावासाठी त्यांनी एका मुलीची वाट अडवली, ते कुणालाच नको होतं. जिथे चोर येणारच नव्हता, तिथे त्या इतकी वर्षं दाराला पाठ लावून बसल्या होत्या.

दोन वर्षं टाचणीचं एकही पत्र आलं नाही. मग एका सुट्टीत, दुपारी वर्ग सुटताना, ती शाळेत आली. केस कापलेले, अंग भरलेलं. आता टाचणी म्हणायलाही जीभ वळेना. एका वाद्यवृंदात तिला मागच्या रांगेत जागा मिळाली होती. बाईंनी चहा मागवला. दोघी विद्यार्थ्यांच्या लाकडी खुर्च्यांवर बसल्या.

"नदीकाठी गेले असते तर काय झालं असतं, कोण जाणे," ती म्हणाली. "जे झालं ते बरंच झालं, असं तुम्हाला सांगायचं ठरवून आले होते. जिन्यात पाठही केलं. पण तोंडातून निघत नाही."

"नको म्हणूस," बाई म्हणाल्या.

"आई सांगत होती, नवीन पालक आले की तुम्ही आधी स्वतःचं ते सांगता."

"सांगते. पहिल्या दिवशीच."

"मग काय म्हणतात?"

"काही जण फी विचारतात. एक जण मुलीला घेऊन निघून गेले."

टाचणी किंचित हसली. चहा संपल्यावर तिने दोन्ही कप मोरीत नेऊन विसळून ठेवले, पूर्वी ठेवायची तसे. तिला सोडायला बाई बस थांब्यापर्यंत गेल्या. वाटेत हवेचं बोलणं झालं, ताईच्या गुडघ्यांचं झालं. बस आली तेव्हा ती "येते बाई" म्हणाली आणि चढली. तिकडचा पत्ता तिने दिला नाही. मागावा असं बाईंच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी मागितला नाही.