भीमराजचा वरचा ओठ

वारंगा फाट्याच्या आसपास वरात निघाली आणि लांबून ट्रम्पेटचा सूर आला, की रानात खुरपणाऱ्या बायासुद्धा मान वर न करता म्हणायच्या, "भीमराज वाजवून राहिला." डीजेनं या भागातल्या बहुतेक बँडपार्ट्या घरी बसवल्या. रामसिंगची पार्टी टिकली ती भीमराजमुळं. त्याचा बाप भिवाजी ढोल वाजवायचा. पोरानं मात्र तोंडाचं वाद्य उचललं आणि पंचविशीच्या आतच तो पार्टीचा पुढचा माणूस झाला.

कळमनुरी तालुक्यातल्या एका लग्नात हे घडलं. मे महिना, डांबर वितळवणारं ऊन. नवरदेवाचा चुलतभाऊ स्वप्निल सकाळपासून प्यालेला होता आणि घोड्यापुढं शर्ट काढून नाचत होता. भीमराजनं एक गाणं संपवून पाण्याची बाटली तोंडाला लावली.

"थांबला काहून बे? वाजव!"

"दम घेऊ द्या, दादा. वाजवतो."

त्यानं वाजवायला घेतलं. सूर चढत गेला तसे त्याचे डोळे मिटले. स्वप्निल नाचत जवळ आला आणि ट्रम्पेटच्या पसरट तोंडावर त्यानं दोन्ही हातांनी धडक मारली. ओठाला लावायचं पितळेचं मुखडं भीमराजच्या तोंडात घुसलं. वरचा ओठ नाकापर्यंत फाटला, पुढचे दोन दात तुटून घशाकडं गेले. पांढऱ्या गणवेशावर रक्ताची धार लागली, तरी मागचे ढोलवाले वाजवतच होते, कारण त्यांना काही दिसलंच नव्हतं. भीमराज गुडघ्यावर बसला. स्वप्निलनं जात काढून शिवी दिली आणि त्याच फाटक्या तोंडावर पुन्हा बुक्की हाणली. रामसिंग पोरांना ढकलत आत शिरला, त्यानं भीमराजला उचललं आणि टेम्पोत टाकलं.

सरकारी दवाखान्यात टाके पडले. पोलिसात केस झाली. स्वप्निल पकडला गेला आणि जामिनावर सुटूनही आला.

जखम भरली, पण ओठ पूर्वीसारखा झाला नाही. डाव्या बाजूला खाच पडली, तिथलं मांस आत ओढलं गेलं. दात बसवून घेतल्यावर भीमराजनं ट्रम्पेट लावलं, तर खाचेतून नुसती हवा फुसफुसत निघाली. त्यानं पुन्हा फुंकलं. पुन्हा. मग ट्रम्पेट भिंतीवर आपटलं.

त्या दिवसांत घरात त्याच्याशी बोलायला सगळेच घाबरत. एका संध्याकाळी बायको चांगुणा एवढंच म्हणाली, "पार्टीत झांज तरी धरा. रिकामं बसून काय होतं?" भीमराजनं तिच्या कानाखाली अशी ओढली, की ती चुलीच्या कडेवर पडली आणि कपाळ फुटलं. लेक आकांक्षा किंचाळत मधे आली. चांगुणा उठली, सरपणातलं लाकूड उचललं आणि नवऱ्याच्या खांद्यावर, दंडावर, जिथं बसंल तिथं हाणलं.

"ज्यानं तोंड फोडलं त्याला हात लावायची छाती न्हाई, म्हणून मला मारता व्हय? परत हात उचलला, तर हात मोडीन. मग काय वाजवाल ते वाजवा!"

भीमराज भिंतीला टेकून बसला. रक्त तिच्या भुवईवरून टपकत होतं आणि ती लाकूड खाली ठेवत नव्हती.

चार-आठ दिवस असेच गेले. मग आकांक्षानं मोबाईल बापापुढं धरला. ती हिंगोलीला कॉलेजात होती.

"बाबा, हे बघा. ओठ भरदार दिसावेत म्हणून बायका इंजेक्शन घेतात. फिलर म्हणतात त्याला. तुमची खाच भरता येत असंल."

"मी काय नटी हाव का?" तो म्हणाला. पण मोबाईल त्यानं परत दिला नाही.

दोघं आधी शहरातल्या एका पार्लरमध्ये गेले. तिथला पोरगा गोड बोलत होता. "एकदाच भरायचं, काका. जन्मभर हलणार नाही." भीमराजला तेच हवं होतं. तो खुर्चीत बसला, ओठाला बधिर करायचं मलमही लागलं. आकांक्षानं विचारलं, "औषधाचं नाव काय?" बाटलीवर चिठ्ठीच नव्हती. पोरगा हसून म्हणाला, "तुला काय डॉक्टर व्हायचंय?" भीमराज उठला, त्यानं पोराची कॉलर धरून त्याला आरशावर दाबलं. आरसा तडकला. आकांक्षानं बापाला ओढत बाहेर काढलं.

मग नांदेड. चांगुणा आणि रामसिंगही सोबत आले. प्लास्टिक सर्जरी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधी ओठ बोटांनी चाचपला, मग ट्रम्पेटचं नुसतं मुखडं फुंकायला लावलं आणि हवा कुठून सुटते ते खाली वाकून पाहिलं.

"जन्मभराचं औषध ओठात नको," त्या म्हणाल्या. "गाठी होतात, आणि काढायचं म्हटलं तर ओठ कापावा लागतो. दुसरं एक घट्ट औषध असतं, ते गालाला, हनुवटीला चालतं. ओठात त्याचे खडे बनतात. तुमच्या ओठाला तर थरथरायचंय. त्याला मऊ जेल लागेल, हायलुरोनिक ॲसिडचं. ते पाणी धरून राहतं, ओठाबरोबर हलतं. आधी मी मांस आत ओढणारा व्रण कापून मोकळा करीन, तो बरा झाला की थोडं थोडं भरीन."

"टिकंल किती?"

"कुणाला सहा महिने, कुणाला वर्ष. मग विरतं. काही बिघडलं तर दुसरं इंजेक्शन देऊन लगेच विरघळवता येतं. आणि वरचे सूर परत येतीलच, असं मी सांगणार नाही."

बोलता बोलता बाईंची नजर चांगुणाच्या कपाळाकडं गेली. "हा व्रण कसला? यालाही काही करता येईल."

"राहू द्या," चांगुणा म्हणाली. "यांना दिसायला पाहिजे."



बाहेर आल्यावर रामसिंगनं वेगळाच मुद्दा काढला. "खटला उभा राहायचाय. तू ओठ भरून गेला, तर त्यांचा वकील म्हणंल, याला झालंय काय? निकाल लागंस्तोवर राहू दे तसाच."

"दवाखान्याचे कागद हायेत, फोटो हायेत. खटला धा वर्षं चालला, तर धा वर्षं मी फाटकं तोंड घेऊन बसू?" भीमराज म्हणाला. "आन हे विरघळणारं हाय. लईच वाटलं, तर विरघळवून दाखवीन कोर्टाला. हेच भरतो."

व्रण मोकळा झाला, तो बरा व्हायला दिवाळी उलटली. मग सुया. बधिर करूनही डोळ्यातून पाणी आलं. ओठ सुजला, काळानिळा पडला, उतरला. बाईंनी परवानगी दिल्यावर त्यानं घराच्या मागं जाऊन एकच लांब सूर काढला. सूर जाड होता, पण हवा कुठून सुटली नाही.

स्वप्निलच्या कानावर हे गेलंच. एका दुपारी वारंगा फाट्यावर भीमराज रूपाबाईच्या हॉटेलपुढं चहा पीत उभा होता. जीप थांबली. स्वप्निल आणि दोघं उतरले, एकाच्या हातात लोखंडी रॉड होता.

"केस मागं घे."

"न्हाई घेत."

"बायकांवाणी ओठ भरून घेतला म्हणं. दाखव की!"

पहिली बुक्की भीमराजनं खांद्यावर घेतली. दुसरी येताना दिसली, तरी तो पळाला नाही की त्यानं उलटून मारलं नाही. त्यानं दोन्ही पंजे तोंडावर घट्ट धरले आणि रस्त्याच्या कडेला पालथा पडला. पाठीत लाथा बसल्या. रॉड बरगड्यांवर पडला, कडकन आवाज आला. एकानं केस धरून मान वर ओढली, तरी पंजे सुटले नाहीत. मग रॉड पंजावरच पडला आणि डाव्या हाताचं हाड मोडलं. तरीही तोंड झाकलेलंच.

रूपाबाईनं चुलीवरचं उकळतं पातेलं उचललं आणि स्वप्निलच्या पाठीवर सगळा चहा ओतला. तो गुरासारखा ओरडत जीपकडं पळाला. ट्रकवाले धावले. रॉडवाला तिथंच सापडला आणि लोकांनी त्याला एवढं तुडवलं, की पोलिसांना त्याला आधी दवाखान्यात न्यावं लागलं. शेजारच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. स्वप्निलचा जामीन रद्द झाला.

चांगुणा दवाखान्यात पोचली तेव्हा भीमराज प्लास्टरमधला हात तोंडाशी धरून पडला होता. तिनं तो हळूच बाजूला केला. ओठ धड होता.

"वाचला," तो पुटपुटला.

"आन बरगड्या कोण भरून देतंय आता?" ती म्हणाली आणि त्याच्या उशाशी बसून रडली.

बरगड्या सांधल्या, पण लांब श्वास घेतला की आजही कळ येते. लग्नसराई सुरू झाल्यावर रामसिंगनं त्याला मधल्या रांगेत उभं केलं आणि नाचणारे व वाजवणारे यांच्यात जाड दोर धरायला दोन माणसं लावली. वरचे काही सूर लागत नाहीत. ते दुसरं कुणीतरी वाजवतं. ओठ पातळ व्हायला लागला की नवरा-बायको नांदेडची बस धरतात. खटला चालू आहे. साक्षीला त्यानं भरल्या ओठानंच सगळं सांगितलं, विरघळवायची वेळ आली नाही.

परवा सिद्धेश्वर धरणाकडच्या एका वरातीत एक पोरगा झिंगत दोराखालून आत आला. भीमराजनं सूर न तोडता ट्रम्पेट एका हातात पेललं, दुसऱ्या हातानं त्याची मानगूट धरली आणि त्याला दोराच्या पलीकडं फेकून दिलं.