बोंडअळीचा खेळ

शेगावच्या आमच्या कार्यशाळेत ऑटिझम असलेली तरुण मुलं नोकरीसाठी गेम बनवायला शिकतात. त्यातली एक मुलगी प्रत्येक वाक्य दोनदा बोलते आणि आपल्या माउसला कुणालाच हात लावू देत नाही. तिनं कपाशीवरच्या बोंडअळीचा गेम बनवला होता. एका गेम कंपनीचे साहेब नोकरीच्या निवडीसाठी आले, तेव्हा तिचे वडीलही आले. यंदा अळीनं त्यांचं सगळं वावर खाल्लं होतं.

साहेबांनी माउस मागितला.

“आधी बाबा. आधी बाबा,” म्हणत तिनं तो वडिलांच्या हातात ठेवला.

त्यांनी क्लिक करताच पडद्यावर पहिली अळी फुटली आणि ते ओरडलेच, “मेली वं पोरी, मेली!”

ती टाळ्या पिटत नाचली. साहेब मागं उभे राहून बघत होते.

“काका, पोरगी सोमवारपासून आमच्याकडे. आता मला खेळू द्या.”

“थांबा न साहेब, अजून लय अळ्या हायेत!”