माटोळीनं सोडवलेलं समीकरण

आमच्या घरात गणित फक्त मलाच येतं, अशी माझी समजूत होती.

चवथीची, म्हणजे गणपतीची, सुट्टी संपत आली होती आणि सोमवारी तन्वीचा, म्हणजे आमच्या सातवीतल्या मुलीचा, बीजगणिताचा फेरपेपर होता. पहिल्या वेळी वीसपैकी चार! आता नापास झाली तर खो-खोच्या संघातून नाव काढीन, असं बाईंनी बजावलेलं. पोरगी रडकुंडीला आली होती. मी बाह्या सरसावल्या.

वहीत होतं: ३x + ४ = १९.

"एकदम सोपं! आधी एकोणिसाला तीनने भाग, मग चार वजा कर. उत्तर दोन पूर्णांक एक तृतीयांश!"

"पप्पा, पुस्तकात उत्तर पाच आसा."

"पुस्तक चुकलंय!" (माझ्या शाळेत पुस्तकं चुकत नसत, मीच चुकायचो. पण हे तिला कशाला सांगा!)

तेवढ्यात बायको ओरडली, "आवो, गणपती जावन तीन दिस झाले! माटोळी कोण काढतलो?"

माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची लाकडी चौकट. आधी ती चार दोऱ्यांनी वाशांना टांगायची आणि मग तिला नारळ, सुपारीचे घोस, काकड्या, पपनसासारखं भलंमोठं तोरिंजन असं अर्धं रान बांधायचं. मी स्टुलावर चढलो.

"आधी फळां काढा, मागीर दोरी सोडा!" बायकोनं खालून बजावलं.

"एकेक काकडी कोण सोडवत बसणार? दोरी सोडली की सगळं एकदम खाली!"

सगळं एकदमच खाली आलं. आधी मी, माझ्यावर काकड्या, काकड्यांवर सुपाऱ्या आणि सर्वांत शेवटी तोरिंजन, नेमकं टकलावर! बायको धावत आली आणि तिनं आधी तोरिंजन फुटलं का ते पाहिलं.

तन्वी मात्र वहीकडे पळाली.

"पप्पा, कळला! x ला आधी तीनने गुणला, मागीर चार मिळवले. म्हणजे शेवटाक बांधलेले चार पयले काढूचे! रवले पंधरा. आता तीनने भाग. पाच! तुम्ही पयली दोरीच सोडलात!"

मी सुपाऱ्यांखालून टाळ्या वाजवल्या. खरं सांगतो, मी स्वतः पास झालो तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.

फेरपेपरात तिला वीसपैकी अठरा मिळाले. संघातलं नाव पक्कं! "हे तुला कुणी शिकवलं?" असं बाईंनी विचारलं, तेव्हा तिनं भर वर्गात सगळं साग्रसंगीत सांगितलं. संध्याकाळी बाईंचा मला फोन आला.

"अजून सात मुलांना हे गणित जमत नाही हो. तुम्ही पुन्हा कधी पडणार?"