मामांच्या बोटाची पेटी

सावंतमामांच्या डाव्या तर्जनीला टोक नव्हतं. ते टोक परळच्या आमच्या मेडिकल कॉलेजात एका लाकडी पेटीत आहे. थट्टा नाही, खरंच!

मामा तिथले लॅब टेक्निशियन. मेणाच्या वडीत बसवलेल्या कातडीचे केसाहून पातळ काप काढून ते काचेवर लावायचे. एकही काप टाकायचे नाहीत. ‘मधलो एक गेलो की वाट तुटली,’ म्हणायचे.

पहिल्या वर्षी मी प्रॅक्टिकलला आपटले. मायक्रोस्कोपखाली बोटाची कातडी होती. तिच्यातले एकाखाली एक ठिपके बघून मी भलतंच लिहून आले. पुन्हा नापास झाले असते तर वर्ष गेलं असतं, आणि ‘झेपत नसेल तर सोड’ असं बाबा आधीच म्हणत होते. मी लॅबमध्ये मुसमुसत बसले.

‘रडतंस कित्याक गो चेडवा?’ मामा म्हणाले. त्यांच्या मालवणीत मुलगी म्हणजे चेडू. ‘ही एकच नळी, घामाची. वरच्या थरात सरळ जाणा नाय, स्क्रूच्या आट्यांसारखी वळत जाता. कापात नुसती वळणां दिसतत. तुका अख्खी दाखवतंय, बस!’

मग रोज जेवणाच्या सुट्टीत त्यांचं कापणं सुरू. पण जुना तुकडा सुकलेला, मध्येच फाटायचा. पाचव्या दिवशी काप काढायच्या यंत्राची सुरी पुसताना मामांच्या बोटाचं टोकच उडालं. मी किंचाळले. त्यांनी आधी तो तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत टाकला, मग हाताला फडकं गुंडाळलं.

‘ताजो माल गावलो! माझाच कातडा, वाया कित्याक घालवचा?’

धन्य तो माणूस! मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

पुढच्या आठवड्यात, पट्टी बांधलेल्या हातानेच, मामांनी त्या तुकड्याचे काप काढले. मी एकेक काच सरकवत गेले. खाली पेशींच्या दोन थरांची नळी, वर तीच वळसे घेत चढणारी, आणि शेवटी ठशाच्या उंचवट्यावर उघडलेलं तिचं तोंड. परीक्षेत मी ती डोळे मिटून काढली.

मामा गेल्या वर्षी घोडपदेवच्या त्यांच्या घरी वारले. मी आता त्याच कॉलेजात शिकवते. स्लाईड कॉम्प्युटरवर चढल्या, काचांच्या जुन्या पेट्या भंगारात काढायच्या ठरल्या. यादी करताना मामांची पेटी हाती आली. झाकणाच्या आत त्यांच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती: ‘बोट स्वतःचे. चेडू पास.’

भंगाराच्या यादीतून त्या पेटीची ओळ मी खोडली. पेटी माझ्या टेबलावर आहे, आणि मी आहे तोवर ती तिथून हलणार नाही.