साडूभाऊंचा सरकारी बोनस

आमच्या साडूभाऊंइतका स्वतःच्या घराबद्दल खात्री असलेला भाडेकरू अख्ख्या इंग्लंडात दुसरा झाला नसेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मूळचे नाशिकचे, पेशाने सॉफ्टवेअरवाले, आणि कित्येक वर्षं वॉटफर्डमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये. दर शनिवारी ते विकाऊ घरं बघायला जात, आणि घ्यायचं असो वा नसो, बघत मात्र मालकाच्या थाटात. दारातच बूट काढायचे. मग एजंटलाही बिचाऱ्याला लाजेकाजेस्तव काढावे लागत. एकदा एकाच्या मोज्याला भोक निघालं आणि त्याने सगळं घर एका पायावर दुसरा पाय ठेवून दाखवलं. साडूभाऊ तोवर वरच्या बेडरूमच्या गालिच्यावर आडवे झाले होते. "झोपून बघितल्याशिवाय बेडरूम कळत नाही," असं त्यांचं ठाम मत. मला बरोबर न्यायचे, म्हणजे मलाही आडवं व्हावं लागे.

या खात्रीचं मूळ एका सरकारी योजनेत होतं. लाइफटाइम आयसा नावाच्या खात्यात चार पौंड टाकले की सरकार वरून एक टाकतं. अट एवढीच, की ते पैसे आयुष्यातलं पहिलं घर विकत घेताना डिपॉझिटला लावायचे, नाहीतर साठीपर्यंत थांबायचं. ही योजना मंत्र्यांनी साडूभाऊंना विचारून काढली असावी, इतकं त्यांना तिचं कौतुक. एकदा एजवेअरला आमच्याकडे ब्रिस्टलचा एक नवा इंजिनियर जेवायला आला होता. त्याने पहिला घास उचलला तोच साडूभाऊंनी विचारलं, "आयसा ओपन केलास का? नाही? मग तू जेवतोयस कसा?" वरणभात निवला, पण गोड वाढायच्या आत त्याचं खातं फोनवर उघडलेलं होतं. "सरकार म्हणजे मामा रे," साडूभाऊ मला म्हणाले. "भाचा घर घेतोय म्हटल्यावर मामाने हात सैल सोडायलाच हवा."

शेवटी मनासारखं घर मिळालं. तळमजल्यावर बाथरूमसकट एक खोली. नाशिकला त्यांच्या वडिलांचे गुडघे गेलेले, जिना चढवत नाही. आईवडिलांनी दर उन्हाळ्यात येऊन राहावं म्हणून हा सगळा खटाटोप चालला होता, हे मला तेव्हा कळलं. ऑफर मान्य झाली. खरेदीची कागदपत्रं बघणाऱ्या सॉलिसिटर बाईंनी फोनवर विचारलं, जगात कुठेही तुमच्या नावावर कधी घर होतं का? "नेव्हर!" साडूभाऊ असे काही गरजले, की शेजाऱ्यांनाही पटलं असावं.

मी आणि माझी बायको तिथेच बसलो होतो. साडूभाऊंनी लगेच नाशिकला व्हिडिओ कॉल लावला आणि हा प्रश्न विनोद म्हणून वडिलांना सांगितला. वडील खुशीत म्हणाले, "अरे, आहे की! आपल्या फ्लॅटवर माझ्याबरोबर तुझंही नाव घातलंय. इंजिनियर झालास तेव्हाच. सह्या केल्यास की तू, पेढा खात खात!" वडिलांनी बोट ठेवलं तिथे न वाचता सही करायची, ही आमच्या घराघरांतली रीत. बापाला ती माया वाटते, आणि ती मायाच असते. "हो हो, विसरलोच," साडूभाऊ म्हणाले आणि वडिलांच्या गुडघ्यांची चौकशी करू लागले.

फोन बंद झाल्यावर माझी बायको हळूच म्हणाली, "भाऊजी, इथे कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," एवढंच म्हणून त्यांनी सॉलिसिटर बाईंना परत फोन लावला.

मामाने हात आखडला. साडूभाऊंच्या खात्यातले पैसे साठीपर्यंत अडकले, पहिल्या घराला मिळणारी घरखरेदीच्या करातली सवलतही गेली. मेव्हणीच्या वेगळ्या खात्यावरचा बोनस तेवढा मिळाला. आमच्या सासऱ्यांनी मुलींची नावं कशावरच घातली नव्हती, त्याचा असा उपयोग झाला! ते मनासारखं घर सुटलं, आणि उरलेल्या पैशांत बसलं ते घर लहान. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, बाकी सगळं वर. वडिलांना हे सांगणार का, असं मी विचारलं तर साडूभाऊ माझ्यावरच उखडले. "त्यांनी एवढ्या हौसेने दिलंय, आणि मी त्यांना बिल पाठवू?"

गृहप्रवेशाच्या दिवशी वडिलांचा फोन आला. "काय रे, तो बोनस मिळाला ना?"

"मिळाला ना बाबा, सगळा मिळाला!" आवाज तोच, खणखणीत.

"आणि आमची खालची खोली?"

साडूभाऊंनी फोन हॉलकडे वळवला. तिथे सोफा नव्हता, टीव्ही नव्हता. खिडकीशी एक पलंग होता आणि त्यावर नाशिकहून आणलेली गोधडी.

वडिलांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "मोठी आहे रे," म्हणाले.

ते अजून आलेले नाहीत. आता विमानाचा प्रवासही त्यांना झेपत नाही. आम्ही गेलो की सगळे स्वयंपाकघरात दाटीवाटीने बसतो, आणि साडूभाऊ या उन्हाळ्यात बाबा नक्की येणार म्हणून सांगतात. मला त्या माणसाचा फार अभिमान वाटतो. हॉलमध्ये कुणी बसत नाही.